पाचवा पिक आणि वीणा

२० मे २०१७, शनिवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, चिडचिड झाली की ओरडू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. आमच्या लेकीच्या, रुचाच्या शाळेची उरलेली होती. वीणा म्हणाली, "एक पुरायची नाही तुला."

तर चिडचिड. जयदीप. झालं लिहून.

नाही, नीट लिहितो. आमच्या इथल्या मराठी मंडळाची उन्हाळ्यात फ्लॅग फुटबॉलची लीग असते. सहा टीम, बायका-पुरुष एकत्र. अंगाला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लोंबतात, बॉल घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की तो तिथेच थांबला, त्याआधी शेवटच्या रेषेपलीकडे पोचला की गुण. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल येतो आणि कुणाला फेकायचा ते जो ठरवतो. बाकीच्यांनी पळायचं. संसारातही असंच असतं, असं मी वीणाला एकदा समजावून सांगितलं होतं.

'व्हिटबी वाघ'चा कॅप्टन मी. क्वार्टरबॅकही मीच, सलग नऊ वर्षं. 'नॉर्थ यॉर्क नाग'चा कॅप्टन जयदीप, आणि गेली तीन वर्षं कप त्याच्याकडे. हा माणूस २००९ साली नागपूरहून आला तेव्हा सात महिने आमच्या बेसमेंटमध्ये राहिला. त्याचा रेझ्युमे मी सुधारला. विंटर बूट मी घेऊन दिले. बॉल कसा धरायचा ते मागच्या अंगणात मी शिकवलं, आणि पहिल्या दिवशी त्याने तो कुंपणापलीकडच्या इटालियन म्हातारीच्या टोमॅटोत घातला होता. आज तो डायरेक्टर आहे. मी अजून सिनियर अ‍ॅनालिस्ट. बायको सोडून व्हँकुव्हरला गेली, तर त्याचंही लोकांना कौतुक, "एकटा असून किती हसतमुख!" मी दुकटा असून हसतमुख नाही, ते कुणी बघत नाही.

माझ्या पोटात दुखतं. ही वही कोण वाचणार आहे, म्हणून सरळच लिहितो. यंदा त्याला हरवायचं. दुसरं काही नको.

३ जून, शनिवार

उद्या ड्राफ्ट. दरवर्षी सगळ्या खेळाडूंची नावं एका यादीत जातात आणि सहा कॅप्टन आळीपाळीने एकेक उचलतात, त्या उचलण्याला पिक म्हणतात. ज्याचा नंबर आधी, त्याला चांगला माणूस. नंबर चिठ्ठ्यांनी ठरतो. जयदीपची चिठ्ठी पहिली निघाली. माझी पाचवी. चिठ्ठीसुद्धा त्याच्याच बाजूची.

आणि यंदा यादीत अनुप आहे. बावीस वर्षांचा, हॅलिफॅक्समध्ये जन्मलेला, तिकडे युनिव्हर्सिटीच्या खऱ्या टीममध्ये राखीव क्वार्टरबॅक होता. आता नॉर्थ यॉर्कमध्ये नोकरीला लागलाय. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. बॉल असा सुटतो हातातून की बघत राहावं. हे पोरगं जयदीपला मिळालं की पुढची दहा वर्षं कपावर त्याचंच नाव. मग मी कशाला खेळू? कॅरम बरा.

४ जून, रविवार

जमलं! जमवलं मी!

ड्राफ्ट दिलीपकाकांच्या बेसमेंटमध्ये असतो. काका १९७० साली आलेले, पुलांचे इंजिनियर, आता रिटायर्ड. लीग त्यांनी सुरू केली, नियम त्यांचे, अंपायरही तेच. त्यांचा एक नियम म्हणजे जोडीचा. नवरा-बायको एकाच टीममध्ये. कारण विचारलं तर म्हणतात, "एका घरची माणसं एका गाडीतून येतात. दोन गाड्या आणल्या तर पार्किंग कुठे आहे?" त्यामुळे वीणा आपोआप माझ्याकडे. ती पुढे उभी राहून बॉल मागे माझ्या हातात देते आणि बाजूला होते, तेवढंच काम. कॉलेजात खो-खो खेळायची म्हणे.

मी जयदीपला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, तुझा पहिला पिक मला दे. माझा पाचवा घे, शिवाय पुढच्या फेरीतला घे. तो हसला. त्याचं ते हसणं! म्हणतो, "नाही भाऊ. पाचवा द्या, आणि वीणावहिनी द्या."

आधी मला कळेचना. मग मी मनात हिशोब केला. बॉल मागे देणारी एक बाई देऊन पहिला पिक मिळतोय. हा येडा झालाय! मी लगेच "डन" म्हणून टाकलं, त्याचं मन बदलायच्या आत. काका चष्मा पुसत म्हणाले, "जोडीच्या नियमात बसत नाही. पण कॅप्टन लेखी देत असेल तर एक वर्ष चालवून घेऊ." मी लिहून दिलं. 'वीणा हिला नॉर्थ यॉर्क नाग संघास देत आहे.' खाली सही. सगळे टाळ्या पिटत होते. कुणीतरी ओरडलं, "बायको पणाला लावायची परंपरा जुनीच आहे रे आपली!" मीही हसलो.

वीणा वर होती, शोभाकाकूंबरोबर वडे तळत. खाली हशा ऐकून जिन्यात आली, हाताला पीठ. "काय झालं?" मी म्हटलं, "अनुप मिळाला!" ती म्हणाली, "वा. आणि द्यावं काय लागलं?"

ज्याने त्याने आपापल्या यादीत डोकं घातलं. शेवटी जयदीप म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला मागून घेतलं."

वीणाने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बरं," म्हणाली, आणि वर गेली. वडे मस्त झाले होते.

५ जून, सोमवार

रुचा ब्रेकफास्टला, "बाबा, यू ट्रेडेड मॉम? लाइक, फॉर अ बॉय?" मी म्हटलं, स्ट्रॅटेजी आहे ती, बेटा. "डिड यू आस्क हर?" पंधरा वर्षांच्या पोरीला काय समजावणार? टीमच्या गोष्टी आहेत. विचारायचं काय त्यात? वीणा डबा भरत होती. माझ्या डब्यात आज लोणचं नव्हतं.

१८ जून, रविवार

पहिली प्रॅक्टिस. वीणा सकाळी आठलाच गाडी घेऊन नॉर्थ यॉर्कला गेली. मी रुचाला म्हटलं, आता मला मैदानावर कोण सोडणार, तर म्हणे, "आय डोन्ट हॅव अ लायसन्स, बाबा." शेवटी सायकल काढली. व्हिटबीच्या चढावर दम लागला.

अनुप येऊन पाया पडला. "काका, आय मीन, उल्हासकाका, मला खूप ऑनर आहे." मराठी असं बोलतो की वाटावं तोंडात गरम बटाटा आहे. पोरगं चांगलं आहे, तोच तर त्रास. मी त्याला सांगितलं, यंदा तू पळ, बॉल मी फेकतो, आमची पद्धत समजून घे. म्हणाला, "शुअर, काका." चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण बाकीचे सहा जण माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नवी गाडी आणून तिच्यावर कव्हर घातलंय.

वीणा दोन वाजता आली, नाकाचा शेंडा लाल. "कशी झाली?" विचारलं. "छान." एवढंच. जेवताना गुणगुणत होती.

२५ जून, रविवार

हरलो. स्कारबरोकडून! त्यांचा क्वार्टरबॅक तर डेंटिस्ट आहे.

माझे तीन बॉल मध्येच पकडले त्यांनी. ऊन डोळ्यांवर होतं.

२ जुलै, रविवार

कालची सुट्टी बरी गेली. देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून तळ्याकाठी आतषबाजी होती, आम्ही तिघंही गेलो होतो. आज ग्रुपवर कुणीतरी नॉर्थ यॉर्कच्या मॅचचा व्हिडिओ टाकला आणि सुट्टीचं पाणी झालं.

मी तो अकरा वेळा बघितला. वीणा पळतेय. सरळ नाही, डावीकडे चालल्यासारखं करते, समोरचा तिकडे झुकतो, आणि ही उजवीकडे सटकलेली असते. अशी हूल की टॅक्सवाल्या पुराणिकांचा मुलगा बिचारा जमिनीवरच बसला. जयदीप बॉल फेकतो आणि तो तिच्या हातात येतो. असं तीनदा. तिसऱ्या वेळी ती रेषेपलीकडे गेली आणि सगळ्या टीमने तिला गराडा घातला. जयदीपने दोन्ही हात वर केले, तिनेही केले, आणि टाळी दिली.

नऊ वर्षांत मी तिला दोनदा बॉल फेकला असेन. एकदा तिच्या हातून सुटला होता. मग मी कशाला फेकणार?

खाली बासष्ट लाइक्स. त्यात शोभाकाकूंचा बदाम.

३ जुलै, सोमवार

टाळी देताना हात जरा जास्तच वेळ धरला होता. मी मोबाइलवर थांबवून थांबवून बघितलं.

१६ जुलै, रविवार

पुन्हा हरत होतो. अर्ध्या वेळेला टीमने घोळका केला आणि आमच्यातल्या सगळ्यात गरीब माणसाला, संजयला पुढे केलं. संजय माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "उल्हास, तू थकला असशील. त्या पोराला जरा..." मी बॉल त्याच्या पायाशी टाकला आणि म्हटलं, घ्या.

अनुपने चार वेळा फेकला, चारही वेळा आमचा माणूस रेषेपलीकडे. जिंकलो. सगळे त्याच्या गळ्यात. माझ्या पाठीवरही थापा पडल्या, "काय ट्रेड केलास, मानलं!" म्हणजे मी केलेली चांगली गोष्ट कुठली, तर माझ्या जागेवर माणूस आणला. घरी येऊन बाथरूमच्या आरशासमोर बॉल फेकायची अ‍ॅक्शन करून बघितली. खांद्यातून कट्‌ असा आवाज येतो. कधीपासून येतो कुणास ठाऊक.

वीणाला सांगितलं, जिंकलो. ती म्हणाली, "ऐकलं. अनुप छान फेकतो म्हणे." सगळ्यांनी काय ठरवून ठेवलंय?

२३ जुलै, रविवार

काल तिला विचारलं, हल्ली रविवारी जेवायला यायला तीन वाजतात, प्रॅक्टिस तर बाराला संपते. म्हणाली, "काम असतं." कसलं काम? मी आज गाडीचे किलोमीटर बघितले. जयदीपच्या मैदानापर्यंत जाऊन-येऊन नव्वद व्हायला हवेत. एकशे एकतीस झाले होते.

दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकेचाळीस किलोमीटर! शेवटी रुचाला आडून विचारलं, आई प्रॅक्टिसनंतर कुठे जाते गं? तिने कानातलं काढलं. "माय लाइफगार्ड कोर्स, बाबा. शी पिक्स मी अप. एव्हरी संडे. सिन्स मे."

मला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल. असो, किलोमीटरचा हिशोब लागला.

२९ जुलै, शनिवार

लीगमध्ये अदलाबदल करायची मुदत उद्यापर्यंत. मी ठरवलं, वीणाला परत आणायचं. अनुप गेला तर गेला. लोकांना कारण काय द्यायचं तेही ठरवलं होतं, दोन गाड्या परवडत नाहीत.

जयदीपच्या घरी गेलो. घर म्हणजे, असू दे, किचनमधला ओटाच आमच्या बेडरूमएवढा आहे. त्याने चहा केला, साखर न विचारता दीड चमचा घातली, त्याला अजून आठवतं. मी म्हटलं, ट्रेड उलटा करू. अनुप घे, वीणा दे. यावर कुठलाही शहाणा माणूस उडी मारेल. तो म्हणाला, "चालेल ना भाऊ. वहिनी हो म्हणाल्या तर."

"तिला काय विचारायचंय? कॅप्टन तू आहेस."

त्याने आपला चहा खाली ठेवला. "भाऊ, जूनमध्ये मला वाटलं तुम्ही वर जाऊन विचारून याल. दोन मिनिटांचं काम होतं. मी थांबलो होतो."

असा राग आला मला! माझ्याच बेसमेंटमध्ये राहिलेला माणूस मला शिकवतोय. चहा अर्धा टाकून निघालो.

घरी येऊन वीणाला सांगितलं, "उद्यापासून तू परत आपल्याकडे. बोललोय मी जयदीपशी." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा शर्ट तिने नीट घडी करून ढिगावर ठेवला. "नाही," म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. मी तिकडे खेळते."

"अगं पण मी तुला परत आणतोय!"

"मी काय ग्रोसरी आहे का रे, नेली आणि रिटर्न केली?" आवाज चढला नव्हता तिचा, चढला असता तर बरं झालं असतं. पुढे म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांची आहे मी. पहिल्यांदा कुणीतरी मला मागून घेतलं. तू फुकट सोडलंस, त्याने पहिला नंबर सोडून घेतलं. मला हा सीझन पुरा खेळू दे."

मी फुकट कुठे सोडलं? अनुप घेतला ना बदल्यात? पण हे मी बोललो नाही. हल्ली काही गोष्टी तोंडातून बाहेर पडायच्या आधी मलाच ऐकू येतात.

२० ऑगस्ट, रविवार

दोन्ही टीम फायनलला. व्हिटबी वाघ विरुद्ध नॉर्थ यॉर्क नाग.

अनुप आज म्हणाला, "काका, लास्ट प्ले तुम्ही थ्रो करा हं फायनलमध्ये, इफ वुई आर लीडिंग." दया करतोय माझ्यावर! त्याला म्हटलं, तू फेक, मी समोरच्यांना अडवतो. वीणाला मी घेतो. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, ती कुठे वळणार हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

२७ ऑगस्ट, रविवार

जिंकलो. कप आपल्याकडे.

२८ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसमध्ये आजारी आहे म्हणून कळवलं. कप फायरप्लेसवर ठेवलाय. चार वर्षं ह्याच्यासाठी तडफडलो, आणि आता त्याच्याकडे पाठ करून बसलोय.

काय झालं ते लिहितो. शेवटचं मिनिट. आम्ही दोन गुणांनी पुढे. बॉल त्यांच्याकडे, रेषा वीस-पंचवीस पावलांवर. मी वीणासमोर उभा. तिने केस घट्ट बांधले होते. कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मी हा चेहरा ओळखतच नाही. माझ्याकडे बघत होती, पण नवरा म्हणून नाही. समोरचा एक माणूस, जरा जाड, डाव्या पायावर भार देणारा, एवढंच बघत होती ती.

बॉल सुटला. ती डावीकडे निघाली. मला माहीत होतं, ही हूल आहे, व्हिडिओ अकरा वेळा बघितलाय. मी उजवीकडे झेपावलो. आणि ती खरंच डावीकडे गेली! बॉल तिच्या हातात. मी मागे धावलो, आयुष्यात एवढा धावलो नसेन, हात लांब केला, पट्टी बोटांना लागली, ओढली, आणि तोंडावर आपटलो.

पट्टी माझ्या हातात होती. पण माझं तोंड पांढऱ्या रेषेवर होतं, चुना ओठांना लागला होता, आणि तिचे बूट माझ्या डोळ्यांसमोर, रेषेच्या पलीकडे. दोन्ही बूट.

कुणाला नीट दिसलं नाही. आमची आणि जयदीपची, दोन्हीकडची माणसं मध्ये. दिलीपकाका लंगडत लंगडत आले. एक टीम ओरडतेय "आधी", दुसरी ओरडतेय "नंतर". काकांनी हात वर केला. मी पट्टी धरून बसलो होतो. मला वाटलं, आता मला विचारणार.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "वीणा, तू सांग."

वीणाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याने आधीच ओढली, काका."

नाग टीममधली एक मुलगी ओरडली, "व्हॉट? नो!" जयदीपने तिचा दंड धरला आणि नुसती मान हलवली. मग वाघवाल्यांनी मला उचललं. मी त्यांच्या खांद्यावर, हातात पट्टी, आणि वीणा बाजूला बसून बुटांची नाडी सोडत होती. मी ओरडलो असतो, "थांबा, ती पलीकडे होती." तोंड उघडलंही होतं. चुन्याची चव येत होती. मिटलं.

३० ऑगस्ट, बुधवार

कप घेऊन दिलीपकाकांकडे गेलो. शोभाकाकूंना वाटलं पेढे आणलेत. काका डेकवर पेपर वाचत होते, कागद नाकाला लावून. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे त्यांचं.

मी म्हटलं, "काका, वीणा खोटं बोलली. ती पलीकडे होती."

ते म्हणाले, "असेल."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"छे रे. मला गोलपोस्ट दिसत नाही, पट्टी काय दिसणार? दोघांपैकी एकाला विचारायचं होतं, तिला विचारलं."

"मला का नाही विचारलंत? पट्टी माझ्या हातात होती."

काकांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "उल्हास, तुला विचारलं असतं तर तू जे सांगितलं असतंस ते मी कागदावर लिहिलं असतं. पण मानलं नसतं. कुणीच मानलं नसतं. म्हणून विचारलं नाही."

मी म्हटलं, मग निकाल बदला, कप जयदीपला द्या. म्हणाले, "निकाल लागला. अंपायर एकदाच बोलतो. घरी ने तो कप, आणि पुसत जा अधूनमधून, चांदीचा मुलामा लवकर काळा पडतो."

गाडीत बसून राहिलो. मी खरं सांगितलं असतं का? सांगितलं असतं, असं तीन वेळा लिहून खोडलंय. नसतं सांगितलं.

१ सप्टेंबर, शुक्रवार

आज बोललो. वीणा भेंडी चिरत होती. म्हटलं, "तू रेषेच्या पलीकडे होतीस."

"दीड पाऊल," ती म्हणाली. सुरी थांबली नाही.

"मग खोटं का बोललीस? माझ्यावर दया आली?"

"दया नाही रे. कंटाळा. तुझं तोंड बघितलं, चुना लागलेलं, आणि वाटलं, हा कप ह्याला नाही मिळाला तर अजून दहा वर्षं जयदीप. जेवताना जयदीप, गाडीत जयदीप, माझ्या आईच्या तेराव्याला सांगलीत बसून जयदीपचं प्रमोशन. म्हटलं, घे बाबा. मला खेळायचं होतं, मी खेळले. कप तुला हवा होता."

मी विचारलं, "त्याला राग नाही आला? जयदीपला?"

तिने सुरी ठेवली. "बघ. अजूनही तेच विचारतोयस."

मग मात्र मी ते विचारून टाकलं जे दोन महिने पोटात होतं. "तुला तो आवडतो का?"

वाटलं होतं चिडेल, नाहीतर हसेल. तिने खरंच थोडा विचार केला. "आवडतो," म्हणाली. "तो मला बॉल फेकतो." मग म्हणाली, "तू समजतोस तसलं काही नाही, एवढी अक्कल तुला असावी. पण तुला एक विचारते. सांगलीला मी राज्य पातळीवर खेळले. सहा वर्षं. कर्णधार कितव्या वर्षी होते, सांग."

मला ती कर्णधार होती हेच माहीत नव्हतं.

उत्तराची वाट न बघता तिने भेंडी फोडणीला टाकली. एवढी जळजळ जयदीपची केली मी, त्याच्या पगाराची, ओट्याची, हसण्याची. आणि ज्याची करायला हवी होती ती गोष्ट तीच होती, की त्याने एका उन्हाळ्यात माझ्या बायकोला बघितलं. मला एकोणीस वर्षांत जमलं नाही. आज पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटला आणि त्याच्यावर राग आला नाही. फार वाईट वाटतं असं. राग बरा असतो.

भेंडी चांगली झाली होती, हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "आज मीठ विसरलेय मी."

३ सप्टेंबर, रविवार

उद्या लेबर डेची सुट्टी. लीगमधल्या आठ बायकांनी आपली वेगळी टीम काढलीय, टाउनच्या स्पर्धेत उतरणार म्हणे ऑक्टोबरात. कर्णधार वीणा. आज दहा वाजता तळ्याकाठच्या मैदानावर त्यांची पहिली प्रॅक्टिस. हे मला रुचाकडून कळलं. बॉल फेकायला कुणीतरी हवं म्हणून वीणाने अनुपला सांगितलं होतं. पोराला ताप आलाय, सकाळी फोन आला. मी जिन्यात उभा राहून ऐकला.

पुढचं नाव जयदीपचं असणार, असं मला वाटलं. हेवा वाटलाच. वाटू दिला.

ती फोन ठेवून किचनमध्ये आली. मी चहा करत होतो. तोंडावर आलं होतं, "मी येतो, चल." तसंच म्हणायची सवय आहे. गॅस बारीक केला आणि म्हटलं, "वीणा, मी येऊ का? नुसता बॉल फेकायला. तू सांगशील तिकडे फेकेन. खांदा कट्‌कट् करतो, पण जवळचे फेकता येतील."

ती कपाला हात घालता घालता थांबली. मला वाटतं, तिच्या लक्षात आलं की मी प्रश्न विचारलाय. मलाही तेव्हाच आलं.

"विचार करून सांगते," म्हणाली, आणि चहाचा कप घेऊन वर गेली.

त्याला वीस मिनिटं झाली. वर कपाटं उघडल्याचे आवाज येतायत, शूज शोधत असेल. मी खाली बूट घालून बसलोय. नऊ पंचेचाळीस. अजून काही बोललेली नाही.